कर्णसंधान : ग्रंथ आणि हात

सोनारानेच कान टोचावेत, अशी एक म्हण आपल्या भाषेत रूढ आहे. कानउघाडणी करावयाची तर ती अधिकारी माणसानेच करावी, या अर्थाने आपण ती वापरतो. परंतु तिच्या मुळाशी असलेला साधा व्यवहार सहसा कोणी ध्यानात घेत नाही. कान टोचणे म्हणजे जिवंत शरीरास छेद देणे होय. तो छेद देण्याचा अधिकार समाजाने पोथीला दिला नाही, सरावलेल्या हाताला दिला, एवढे ती म्हण सांगून जाते. आता जो कान टोचता येतो, तो फाटतोही. फाटलेला कान कोणी जोडावा, याविषयी म्हण मौन पाळते. त्याचे उत्तर शस्त्रकर्माच्या इतिहासात शोधावे लागते. आणि ते शोधू लागले असता, ज्ञान ग्रंथात टिकते की हातात, हा आम्हां शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आपोआप समोर येऊन उभा राहतो.

प्राचीन भारतीय शस्त्रकर्माचा विषय निघाला की प्रथम आठवते ती नासिकेची पुनर्रचना. यात नवल नाही. नाक हे अब्रूचे स्थान. नाक कापणे ही शिक्षा, आणि गेलेले नाक परत मिळणे ही तर गेलेली अब्रू परत मिळण्यासारखी गोष्ट. अशा घटनेची कथा होते. कानाची पाळी फाटली तर तिची कथा होत नाही. घरातील बायकांत चार दिवस हळहळ होते, इतकेच. तथापि सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ज्या सोळाव्या अध्यायामुळे नासासंधानाची कीर्ती जगभर झाली, त्या अध्यायाचे नाव नाकावरून पडलेले नाही. त्याचे नाव आहे ‘कर्णव्यधबंधविधि’, म्हणजे कान टोचण्याची आणि सांधण्याची रीत. अध्यायाचा बहुतेक भाग कानास दिलेला आहे. नाक शेवटी येते, आणि त्याच्या मागोमाग ओठ. ग्रंथकाराच्या दृष्टीने मुख्य विषय कान हाच होता. हा क्रम नीट ध्यानात घेतला, तर या विद्येच्या उगमाविषयीची आपली समजूत थोडी बदलते. शिक्षेने विद्रूप झालेल्या चेहऱ्यांनी या विद्येस पुढे मोठे केले असेल. परंतु ग्रंथात तिचा पाया घातला गेला तो दागिन्याच्या हौसेवर.

ती हौस किती जुनी आहे, हे पाहण्यास दूर जावे लागत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर कोरलेल्या स्त्रीपुरुषांच्या जोड्या पाहाव्यात. स्त्रियांच्या कानांतील जड अलंकार चटकन नजरेत भरतात. अजिंठ्याच्या चित्रांतील राजपुरुषांचे कानही असेच भरलेले आहेत. याच्या उलट बुद्धमूर्ती पाहावी. तिथे पाळी खाली लोंबलेली असते, पण तीत अलंकार नसतो. राजपुत्राने वैभव टाकले, परंतु त्या वैभवाच्या भाराने ताणलेली पाळी पूर्ववत झाली नाही. शिल्पकाराने ती रिकामी पाळीच त्यागाची खूण म्हणून ठेवली, असा तिचा अर्थ लावतात. दक्षिणेत तमिळ प्रदेशात पांबडम् नावाचे जड दागिने घालून पाळ्या खांद्याकडे लांबविण्याची चाल विसाव्या शतकापर्यंत टिकून होती. एड्गर थर्स्टन याने १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या दक्षिण भारतावरील टिपणांत अशा ताणलेल्या कानांची नोंद आहे.

आपल्याकडील दागिन्यांची रचना या बाबतीत मोठी समंजस दिसते. बुगडी आणि भिकबाळी कानाच्या वरच्या भागात बसतात. पाळीवर त्यांचा भार नाही. कुडी पाळीस चिकटून राहते. मात्र झुबे लोंबते, आणि त्याचे वजन दिवसभर एकाच छिद्रावर पडते. ते वजन हलके करण्यासाठी वेलाची योजना झाली. मोत्यांचा वा सोन्याचा वेल दागिन्यातून निघून कानावरून केसांत अडकविला म्हणजे भार पाळीऐवजी केसांवर जातो. वेल शोभेसाठी घालतात, असे आपण समजतो; वस्तुतः तो कान फाटू नये म्हणून केलेला एक उपायही आहे. ज्या अनाम सोनाराने तो प्रथम घडविला, त्याला पाळीचे दुखणे ठाऊक असले पाहिजे.

आता ग्रंथाकडे वळू. सुश्रुतसंहिता एका काळी व एका हाताने लिहिली गेली असे नव्हे. अनेक संस्कार होत होत इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ती आजच्या रूपाला आली, असे सामान्यतः मानतात. तीत कान टोचण्याची दोन कारणे दिली आहेत : बालकाचे रक्षण आणि अलंकार. वय सहाव्या किंवा सातव्या महिन्याचे. मूल दाईच्या मांडीवर बसवावे, खेळण्याने त्याचे मन रमवावे. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. पाळी डाव्या हाताने ओढून धरून उन्हात पाहावी, म्हणजे जिथून उजेड आरपार दिसतो असे निसर्गानेच नेमलेले स्थान सापडते. तिथे उजव्या हाताने सरळ टोचावे. पाळी पातळ असेल तर सुईने, जाड असेल तर आरीने. मग छिद्रात कापसाची वात घालून तेल सोडावे व दर तिसऱ्या दिवशी अधिक जाड वात घालीत जावे. जागा चुकून शीर दुखावली, तर ज्वर, दाह, सूज, वेदना असे उपद्रव होतात, हेही सांगितले आहे. हे वर्णन करणारा मनुष्य केवळ शब्दांचा पंडित नव्हता. उन्हात पाळी धरून पाहणे ही हाताने काम करणाराची युक्ती आहे.

छिद्र मोठे करण्यासाठी वर्धनक वापरीत. काही वनस्पतींच्या काड्यांचे, तसेच शिशाचे वर्धनक ग्रंथात सांगितले आहे. आणि पुढे जे येते तेच या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे. अशा रीतीने वाढविलेला कान दोषामुळे अथवा आघातामुळे दुभंगतो, असे सांगून ग्रंथकार लगेच त्याच्या संधानाकडे वळतो. चिकित्सास्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात पाळीचे रोग दिले आहेत, त्यांतील ‘उत्पात’ नामक रोगाच्या कारणांत जड अलंकाराचा उल्लेख स्पष्ट आहे, आणि एकाएकी ताण दिल्याने होणारा ‘परिपोटक’ वेगळा सांगितला आहे. म्हणजे हौस आणि तिची हानी या दोन्हींकडे त्याची नजर एकाच वेळी आहे. हौशीचा तो धिक्कार करीत नाही, आणि हानीवर पांघरूणही घालीत नाही.

संधानाचे त्याने पंधरा प्रकार केले. दोन्ही बाजूंच्या पाळ्या रुंद, लांब व सारख्या असल्या तर ‘नेमिसंधानक’. गोल, लांब व सारख्या असल्या तर ‘उत्पलभेद्यक’. आखूड, गोल व सारख्या असल्या तर ‘वल्लूरक’. एकच पाळी, तीही बाहेरच्या बाजूने लांब उरली असेल तर ‘गंडकर्ण’. अशी ती मालिका आहे. शेवटचे पाच प्रकार असाध्य म्हणून वेगळे काढले. वाचणाऱ्यास हा नावांचा सोस वाटेल. परंतु नीट पाहिले तर हे वर्गीकरण रोगाचे नाही, उरलेल्या मांसाचे आहे. किती गेले, यापेक्षा किती उरले आणि ते कोणत्या बाजूस उरले, हा प्रश्न शस्त्रवैद्यापुढे असतो, आजही असतो. दुसरी गोष्ट अशी की, पंधरांपैकी पाच आपल्या हातून होणार नाहीत असे लिहून ठेवणारा ग्रंथ विश्वासास अधिक पात्र ठरतो.

प्रत्यक्ष कर्माची रीत अशी. रुग्णाचे केस बांधावेत, त्याला थोडे खाऊ घालावे, माणसांनी त्यास नीट धरावे. कानाच्या कडा छेदून वा खरवडून ताज्या कराव्यात. येणारे रक्त पाहावे. ते दूषित असेल, फारच अल्प असेल किंवा फार वाहत असेल, तर तेव्हा कान जोडू नये. मग दोन्ही कडा उंचसखल न राहतील अशा जुळवून, मध व तूप लावून, कापूस व कापड ठेवून, दोऱ्याने फार घट्ट नाही व फार सैल नाही असे बांधावे. पुढे हालचाल, श्रम, अतिभोजन, उन्हाआगीचा ताप, दिवसाची झोप, अगदी बोलणेसुद्धा आवरावे. जखम भरल्यावर कान पुन्हा हळूहळू वाढविण्यास हरकत नाही.

यातील कडा खरवडण्याची सूचना वरवर क्षुल्लक वाटते, पण सारे मर्म तिथे आहे. फाटलेल्या पाळीच्या दोन्ही कडा कातडीने झाकल्या जाऊन बऱ्या झालेल्या असतात. बरी झालेली कातडी बऱ्या झालेल्या कातडीस कधीच चिकटत नाही. ती कितीही दिवस बांधून ठेवली तरी व्यर्थ. जोडायचे असेल तर आधी पुन्हा जखम करावी लागते. तिसरे मर्म त्याहून मोठे. ज्याची पाळी उरलीच नाही, त्याच्यासाठी गालाचे मांस उचलून पाळी करण्यास सांगितले आहे. मात्र ते मांस ‘सानुबंध’ असावे, म्हणजे एका बाजूने मूळ जागी जोडलेले व म्हणून जिवंत असावे. पूर्ण तोडलेला तुकडा मरतो. जोडलेल्या तुकड्यास जुन्या जागेचे रक्त मिळत राहते, आणि तेवढ्या अवधीत तो नव्या जागी रुजतो. नासासंधान हा याच युक्तीचा पुढचा उपयोग होय. पानाने नाकाचे माप घ्यावे, तेवढे मांस गालावरून सानुबंध उचलावे, श्वासासाठी दोन नळ्या ठेवाव्यात, हा क्रम कानाच्या प्रकरणात सिद्ध झालेल्या नियमावर उभा आहे.

ही विद्या शिकवीत कशी, याचेही उत्तर संहितेत आहे, आणि शिक्षकांनी ते आवर्जून वाचावे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात शिष्याने सराव कशावर करावा ते सांगितले आहे : छेदनाचा कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर, शिवण्याचा कापडाच्या व मऊ कातड्याच्या कडांवर, पट्टी बांधण्याचा पुतळ्यावर, आणि कर्णसंधानाचा मऊ मांसावर व कमळाच्या देठावर. कमळाचा देठ बोटांत धरून पाळी जोडण्याचा सराव करणारा तो विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. त्याच ग्रंथात अन्यत्र असे म्हटले आहे की, केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा, हे दोघेही एका पंखाच्या पक्ष्यासारखे असमर्थ होत.

पुढील इतिहास दुर्दैवाने त्या दोन पंखांच्या ताटातुटीचा आहे. ग्रंथ टिकला. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात कर्णसंधान व नासासंधान पुन्हा सांगितले. बाराव्या शतकात डल्हणाने सुश्रुतावर टीका लिहिली. पोथ्यांच्या नकला होत राहिल्या. १८३५-३६ साली मधुसूदन गुप्त यांनी कलकत्त्यास संहिता छापून काढली, आणि मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली डल्हणाच्या टीकेसह आवृत्ती १९१५ साली व पुढे सुधारून १९३८ साली निघाली. परंतु प्रत्यक्ष शस्त्र कोणाच्या हाती होते, हे पाहू जाता पोथीवाल्यांच्या घरापासून दूर जावे लागते.

मानुची हा व्हेनिसचा प्रवासी औरंगजेबाच्या विजापूरच्या स्वारीच्या काळी, म्हणजे १६८६ च्या सुमारास, दख्खनेत होता. विजापूरकरांनी नाके कापलेल्या मोगल छावणीतील माणसांवर तेथील शस्त्रवैद्य कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक करीत, आणि अशी नाके लाभलेली पुष्कळ माणसे आपण पाहिली, असे तो लिहितो. शतकानंतर हीच विद्या पुण्याजवळ दिसते. टिपूशी १७९२ साली संपलेल्या युद्धात इंग्रजी सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात तोडण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला; मग पुण्याजवळच्या एका मनुष्याने त्यास नवे नाक करून दिले. त्या मनुष्याची जात विटा पाडणाराची, असे इंग्रजी वृत्तान्त सांगतो. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ते सारे चित्रासह प्रसिद्ध झाले. मूळ चित्र जेम्स वेल्सचे; सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रे काढणारा तो हाच. मुंबई इलाख्यातील क्रूसो व फिंडले या दोन डॉक्टरांनी ही क्रिया समक्ष पाहिली होती. मेणाचे नाक करून ते कपाळावर सपाट पसरावयाचे, त्याच्या कडेने रेघ ओढावयाची, तेवढी कातडी सोडवून दोन डोळ्यांमध्ये एक बारीक भाग जोडलेला ठेवावयाचा, ती फिरवून खाली आणून बसवावयाची, व कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावून वर चिकटवावयाचा. जोडलेला भाग सुमारे पंचविसाव्या दिवशी कापीत.

या वृत्तान्तातील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. ग्रंथात मांस गालाचे आहे. विजापुरास व पुण्यास कातडी कपाळाची आहे. ग्रंथात माप पानाचे आहे, पुण्यास मेणाचे. म्हणजे या कारागिरांनी पोथी पाहून काम केले, असे म्हणता येत नाही. ‘सानुबंध’ हा शब्द त्यांच्या कानांवर कधी पडला असेल-नसेल. त्या शब्दाचा अर्थ मात्र त्यांच्या बोटांत होता, आणि बोटांनी मूळ रीत बदलून अधिक सोयीची केली होती. कातडी कोठे मुबलक आहे, व्रण कोठे खपेल, हे त्यांनी अनुभवाने ठरविले. परंतु त्यांतील एकाचेही नाव नोंदले गेले नाही. बैल हाकणाऱ्या कावसजीचे नाव राहिले, पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे राहिली, चित्रकाराचे राहिले. ज्याने नाक केले तो विटा पाडणारा म्हणूनच राहिला. आपल्या वैद्यांपैकी कोणी त्याच्याकडे जाऊन त्याची रीत लिहून घेतली असती, तर पक्ष्याला दुसरा पंख तेव्हाच पुन्हा लाभता.

लिहून घेणारे दुसरीकडे होते. तो वृत्तान्त वाचून जोसेफ कार्प्यू याने लंडनमध्ये आधी प्रेतांवर सराव केला, १८१४ साली एका अधिकाऱ्यावर ती क्रिया केली, आणि १८१६ साली दोन यशस्वी शस्त्रक्रियांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८१८ मध्ये ग्रेफे याचा जर्मन ग्रंथ निघाला. युरोपला ही कल्पना अगदीच नवी होती असे नाही. बोलोन्याच्या टाल्याकोत्सीने दंडाच्या कातडीचे नाक आणि कानामागच्या कातडीने कान दुरुस्त करण्याची रीत १५९७ सालीच छापली होती. पण ती पुढे मागे पडली होती. भारतातून गेलेल्या वृत्तान्ताने त्या विद्येस नवी चालना दिली; आणि तिथे पाहणारा, करणारा व लिहिणारा एकच असल्याने ती वाढत गेली.

कानाची पाळी मात्र याही नव्या इतिहासात मागेच राहिली. बऱ्याच काळाने, विसाव्या शतकात, तिच्याकडे स्वतंत्र लक्ष गेले. दक्षिणेत लांब पाळ्यांची चाल मावळली, तेव्हा ताणलेल्या पाळ्या कापून, टाके घालून आखूड करून घेणाऱ्या स्त्रिया पुष्कळ निघाल्या. फाटलेल्या पाळीवर १९६१ मध्ये बू-चाय यांचा व १९७३ मध्ये पार्ड्यू यांचा लेख शस्त्रवैद्यकाच्या नियतकालिकात आला. कडा ताज्या करून सरळ टाके घातले तर व्रण आकसून पाळीच्या खालच्या काठास खाच पडते, म्हणून छेद थोडा वळवून घ्यावा. आणि दागिन्याचे छिद्र राखावे की पाळी पूर्ण जोडून काही काळाने जुन्या व्रणापासून दूर नवे टोचावे, असे प्रश्न आज या विषयात चर्चिले जातात. जागेवर भूल देऊन थोड्या वेळात होणारे हे काम आहे. रुग्णास आता माणसांनी धरावे लागत नाही. बाकी कडा खरवडणे, काठ उंचसखल न ठेवणे आणि पुन्हा दागिना घालता यावा ही रुग्णाची इच्छा, या तिन्ही गोष्टी जिथल्या तिथे आहेत.

या इतिहासाचा उपयोग आपल्या वर्गांत दोन प्रकारे होताना आम्ही पाहतो. कोणी पुराणकथांचा हवाला देऊन सर्व काही आमच्याकडे होतेच असे सांगतो; कोणी तितक्याच सहजतेने जुने ते सर्व भाकड म्हणून झटकून टाकतो. दोघांनीही सोळावा अध्याय उघडलेला नसतो. अभिमान असावा, यात शंका नाही. पण तो नेमका असावा. उन्हात पाळी धरून छिद्राची जागा शोधणे, असाध्य ते असाध्य म्हणणे, जिवंत मांसाचा धागा न तोडणे, कमळाच्या देठावर सराव करणे, एवढ्या गोष्टी अभिमानास पुरेशा आहेत, आणि त्या सिद्ध करण्यास पुराणाची गरज नाही. त्याचबरोबर विद्यार्थ्यांना हेही सांगितले पाहिजे की, ग्रंथ सुरक्षित राहूनही विद्या क्षीण झाली, कारण ग्रंथ वाचणारे आणि हात चालविणारे एकमेकांच्या ओसरीवर चढेनासे झाले.

आमच्या शाळांत अजूनही हस्तव्यवसायाचा तास हा मोकळा तास समजला जातो, आणि चांगल्या हाताचा पण पाठांतरात मागे पडणारा मुलगा मंद ठरतो. सुश्रुताच्या कसोटीने पाहता त्याच्याजवळ एक पंख आहे, आणि पहिल्या बाकावरील पाठांतरपटूजवळही एकच आहे. पुण्याजवळच्या त्या विटा पाडणाराचे नाव आता मिळणार नाही. परंतु शस्त्रकर्माच्या इतिहासाचा धडा शिकविताना सुश्रुताच्या नावाशेजारी फळ्यावर त्याच्यासाठीही एक ओळ ठेवणे, हे आपल्या हातचे आहे.